तान्ह्याच्या तोंडात कसली सुई खुपसता?

तीन आठवड्यांच्या पोराने जांभई दिली आणि घराचे धाबे दणाणले! वरच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा दाणा. एकीच्या मते दात आला. दुसरी म्हणते, वरचा दात आधी म्हणजे मामाच्या जिवावर. तिसरी मधात टाकणखार खलून हजर, आणि चौथी पदराची पिन काढून म्हणते, "टोचून टाकू, निघून जाईल." बाळंतीण तेवढी गप्प. तिला विचारतो कोण?

अरे, तो दात नाही, रोगही नाही! दुधाचे दात घडवणाऱ्या पेशींची पट्टी गर्भातच आपले काम आटोपते. तिचे अवशेष हिरडीत उरतात, त्यांत केराटिन साचते आणि दाणा दिसतो. तसेच दाणे टाळूच्या मधल्या रेघेवर दिसतात. प्रागचे बालरोगतज्ज्ञ अलॉइस एपस्टाइन यांनी 1880 साली त्यांचे वर्णन केले आणि 'एपस्टाइनचे मोती' हे नाव रूढ झाले. निम्म्याहून अधिक नवजात बाळांच्या तोंडात असे काही ना काही असते. ते दुखत नाही, दूध पिण्याच्या आड येत नाही, काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप फुटून जाते. उपचार शून्य!

धोका आहे तो उपचारांचाच. नवजात बाळात रक्त गोठायला लागणारे व्हिटॅमिन के मुळातच कमी. तिथे पिन टोचायची म्हणजे रक्तस्राव आणि जंतू यांना आवतण. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो, अंग लुळे पडते. टाकणखाराने तान्ह्या मुलांना झटके आल्याची नोंद वैद्यकात आहे. मेळघाटात पोट फुगले म्हणून बाळाला तापल्या विळ्याचे डंबे, म्हणजे चटके, देतात, ते वाचून शहरी सुशिक्षित हळहळतो. त्याच्या स्वतःच्या घरातली पिन त्याला दिसत नाही!

पण सगळे खापर आजीवर फोडणे आम्हाला मान्य नाही. तिला सांगितले कोणी? प्रसूतिगृहातून फाइल मिळते, बिल मिळते, लसींच्या तारखा मिळतात. बाळाचे तोंड उघडून आईला दाखवायला कोणालाच अर्धा मिनिट सापडत नाही. वर घाबरलेल्या बापाला हिरडी बधिर करणारे जेल लिहून देणारे महाभागही आहेत. बेन्झोकेनचे जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला; रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच त्याने घटू शकते. हे अज्ञान पदवीधराचे, म्हणून अधिक संतापजनक.

आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी जाते. वजन, ताप, नाळ पाहते. त्यात तोंड का नाही? दह्यासारखा पांढरा थर, पुसल्यावर लाल होणारी जागा, जन्मतःच आलेला हलता दात, वाढत जाणारी गाठ किंवा दूध ओढताना रडणारे बाळ दिसले, तर दवाखाना गाठायचा. एरवी हात लावायचा नाही. आरोग्य खात्याने एवढ्या ओळी माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक मराठीत छापाव्यात आणि घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने त्या आईला, शेजारी सासूला बसवून, मोठ्याने वाचून दाखवाव्यात. मामाची काळजी मामा घेईल.