जुन्या नावेवर एक पांढरी रेघ

जुनी नाव दुरुस्त करणे हे कारागिराचे काम आणि आर्किमिडीजचे तत्त्व हा परीक्षेतला प्रश्न, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. कारागीर गणित मांडीत नाही आणि विद्यार्थी हातोडी धरीत नाही. विद्यार्थी मित्रहो, ही वाटणी मला केवळ चुकीचीच नव्हे, तर धोक्याची वाटते. जुनी नाव जरूर दुरुस्त करावी, आपल्या सोयीप्रमाणे तीत बदलही करावेत. परंतु प्रत्येक बदलानंतर ती किती वजन पेलते याचे गणित नव्याने मांडावे आणि त्याचे उत्तर नावेच्या अंगावरच रंगाने लिहून ठेवावे, असे माझे मत आहे. ते का, हे आता पाहू.

पुणे-नाशिक रस्त्यावरचे कुरुळी हे गाव मोशी आणि चाकण यांच्या मधोमध आहे. दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला भामा. दोन्ही नद्यांचे पाणी पुढे भीमेत मिसळते आणि उजनीच्या जलाशयात जाऊन पोचते. खेड तालुक्यातच भामा-आसखेड आणि चासकमान ही धरणे आहेत. धरणांच्या पाण्यावर कटला, रोहू, मृगळ, चिलापी पकडणारे लोक लाकडी, पत्र्याच्या किंवा फायबरच्या नावा वापरतात. दुसरीकडे कुरुळी-चाकणच्या पट्ट्यात पत्रा कापणारी, वाकवणारी, आर्गॉन वेल्डिंग करणारी लहानमोठी दुकाने आणि भंगाराची आवारे पुष्कळ. म्हणजे पाणी जवळ, पत्रा जवळ आणि हुन्नरही जवळ. उणीव आहे ती फक्त या तिन्हींना जोडणाऱ्या गणिताची.

समजा, अशाच एखाद्या आवारात अ‍ॅल्युमिनिअमची एक जुनी सपाट तळाची नाव पडली आहे. लांबी सुमारे ३.६ मीटर, रुंदी १.२ मीटर, कडेची उंची ४५ सेंटिमीटर, वजन ८० किलोग्रॅम. रिव्हेट ढिले, तळाला दोन भेगा, बाके कुजलेली. भंगारवाला ती वजनावर देईल. घ्यावी काय?

माझे उत्तर 'होय' असे आहे आणि त्याचे पहिले कारण ऊर्जा हे आहे. हॉल आणि एरू या दोघांनी १८८६ साली, एकमेकांना न भेटता, वितळलेल्या मिश्रणातून वीज सोडून अ‍ॅल्युमिनिअम वेगळे करण्याची रीत शोधली. आजही हीच रीत चालते आणि एक किलोग्रॅम धातूसाठी सुमारे १४ युनिट वीज लागते. म्हणजे आपल्या नावेत १,१०० युनिटांहून अधिक वीज साठलेली आहे! कोणी म्हणेल, भंगार वितळवून नवा पत्रा करता येतोच की, आणि त्याला मूळच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. हे खरे आहे. पत्रा जागोजागी चाळणीसारखा झाला असेल किंवा आतल्या फासळ्या मोडल्या असतील, तर नाव भट्टीतच जाणे योग्य. परंतु दहा-वीस रिव्हेट आणि दोन ठिगळे यांवर काम भागत असेल, तर ती पाच टक्के ऊर्जाही का खर्चावी?

प्रथम गळती शोधायची. नाव ठोकळ्यांवर ठेवून आत पाणी भरावे आणि बाहेरून जेथे थेंब फुटेल तेथे खडूने खूण करावी. कारागिरांची ही रीत उत्तम आहे; पण येथेही गणित हवे. तळाचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरले, तर केवळ १० सेंटिमीटर पाण्याचे वजन ३०० किलोग्रॅम होते. दोनच ठोकळ्यांवर ठेवलेली नाव मधोमध वाकेल. म्हणून ठोकळे जवळजवळ ठेवावेत आणि पाणी चार-पाच सेंटिमीटरच भरावे.

भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून भेग पुढे पुढे सरकते. टोकाला बारीक गोल भोक पाडले की ताण पसरतो आणि भेग थांबते. ठिगळाचे कोपरे गोल ठेवण्याचे कारणही हेच. वेल्डिंग मात्र वाटते तितके सोपे नाही. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्याही वर वितळतो. पापुद्रा घासून काढल्याशिवाय सांधा धरत नाही. शिवाय उष्णतेने सांध्याजवळचा पत्रा मऊ पडतो. म्हणून पातळ पत्र्याला ठिगळ रिव्हेटने लावणे आणि मध्ये पाणी अडवणारा लेप देणे पुष्कळदा अधिक बरे.

तोच पापुद्रा नावेचे कवचही आहे. तो हवेत आपोआप तयार होतो आणि खालच्या धातूला वाचवतो. पण अ‍ॅल्युमिनिअमला तांब्याची तार किंवा पितळी स्क्रू टेकला आणि वर पाणी आले, की विद्युत्-घट तयार होतो. लिंबात तांब्याची व जस्ताची पट्टी खोचून तुम्ही जो घट करता, तोच हा. या घटात झिजते ते अ‍ॅल्युमिनिअम. पाण्यात क्षार आणि सांडपाणी जितके अधिक, तितके ते वीज चांगली वाहून नेते आणि झीज वाढते. आळंदीजवळच्या इंद्रायणीवर तरंगणारा फेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याविषयी अधिक सांगायला नको. म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, खाली नायलॉनचा वायसर घालावा आणि लाकूड टिकण्यासाठी तांब्याच्या क्षारांत भिजवलेल्या फळ्या पत्र्याला कधीही भिडवू नयेत.

येथवर झाली दुरुस्ती. खरा धोका पुढे, म्हणजे बदलांमध्ये आहे. जाळे टाकायला उभे राहता यावे म्हणून लोक बाकांवर फळ्यांचा माच करतात, मागे इंजिन लावतात, मासे ठेवायला पेटी बसवतात. प्रत्येक बदल सोयीचाच असतो. पण नावेला तो मुकाट्याने सोसावा लागतो.

आधी वजन पाहू. पाण्याच्या पातळीवर नावेचे क्षेत्रफळ ३.५ चौरस मीटर धरा, कारण दोन्ही टोके निमुळती असतात. नाव एक सेंटिमीटर खाली जाते तेव्हा ०.०३५ घनमीटर, म्हणजे ३५ लिटर पाणी बाजूला सरते. त्याचे वजन ३५ किलोग्रॅम. अर्थात, दर ३५ किलोग्रॅमला एक सेंटिमीटर! सगळे उत्प्लावन या एका ओळीत आले. नाव, चार माणसे, इंजिन आणि जाळी मिळून ४०० किलोग्रॅम झाले, तर नाव सुमारे साडेअकरा सेंटिमीटर बुडेल आणि काठ ३३ सेंटिमीटर वर राहील. आणखी सहा माणसे चढली, तर काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहतो. शांत पाण्यात तरीही नाव तरंगतेच आणि म्हणूनच ती फसवते. 'तरंगते आहे' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा होत नाही.

आता उंची पाहू. नावेचा गुरुत्वमध्य तळापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि ६० किलोग्रॅमची दोन माणसे बाकावर अशी बसली आहेत, की त्यांचा गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर येतो. सर्वांचा मिळून तो ३८ सेंटिमीटरवर येईल. हीच माणसे ४० सेंटिमीटर उंच माचावर उभी राहिली, तर त्यांचा गुरुत्वमध्य सुमारे १३० सेंटिमीटरवर जातो आणि सर्वांचा ८६ सेंटिमीटरवर. हे गणित वहीत स्वतः करून पाहा. वजन एका ग्रॅमनेही वाढले नाही, पण कलल्यावर सावरण्याची नावेची शक्ती घटली. ही शक्ती रुंदीच्या घनाबरोबर बदलते. एक मीटर रुंदीच्या नावेपेक्षा १.२ मीटर रुंदीच्या नावेचा आकार कलण्याला सुमारे पावणेदोन पट विरोध करतो. म्हणून एका नावेवर चाललेला माच दुसऱ्या, जरा अरुंद नावेवर प्राणघातक ठरू शकतो. तळाशी साचलेले पाणी तर याहून वाईट. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे १५० किलोग्रॅम, आणि हे वजन नाव जिकडे कलेल तिकडेच धावते.

नाव पाण्याने भरली तरी बुडू नये, अशीही सोय करता येते. ८० किलोग्रॅम अ‍ॅल्युमिनिअमचे घनफळ सुमारे ३० लिटर, म्हणून पाण्यात त्याचे वजन ५० किलोग्रॅम उरते. इंजिनाचे ३० आणि नावेला धरून तरंगणाऱ्या चार माणसांचे मिळून ४० धरले, तर १२० किलोग्रॅमचा आधार हवा. म्हणजे सव्वाशे लिटर हलका, पाणी न पिणारा फेसाळ प्लॅस्टिकचा ठोकळा. १.१ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशा एका बाकाखालची पोकळी ८२ लिटर भरते. दोन बाके भरली की काम झाले! थर्माकोल मात्र वापरू नये, तो पेट्रोलमध्ये विरघळतो. आणि हा ठोकळा शक्य तितका वर व दोन्ही कडांना असावा. सगळा तळाशी ठेवला, तर भरलेली नाव पालथी तरंगेल.

परदेशांत अशा नावांना वेताच्या रंगाचा रंग देऊन बदकांची शिकार करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली आहे आणि ते योग्यच झाले. पण त्या युक्त्यांमागचे विज्ञान टाकाऊ नाही. उघडे अ‍ॅल्युमिनिअम आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परावर्तित करते, मंद रंग तो शोषतो व विखुरतो. पत्र्याचा तळ ढोलासारखा वाजतो, रबराची चटई तो आवाज दाबते. भिगवणला रोहित आणि चक्रवाक पाहायला जाणाऱ्यांना अशीच शांत, मळकट रंगाची नाव हवी. दुर्बीण घेऊन केलेल्या शिकारीत कोणी मरत नाही.

आता मूळ मुद्दा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा मृत्यू झाला. वारा आपल्या हाती नाही. पण कोणत्याही नावेत किती वजन ठेवायचे आणि किती उंचीवर ठेवायचे, हे आपल्याच हाती असते. ब्रिटनमध्ये जहाजे बेसुमार लादली जात आणि खलाशी बुडत. सॅम्युअल प्लिम्सॉल या लोकप्रतिनिधीने वर्षानुवर्षे झगडून १८७६ साली कायदा करवून घेतला की जहाजाच्या कडेवर भाराची रेघ असलीच पाहिजे. रेघ पाण्याखाली गेली, की भार जास्त झाला. ती ओळखायला लिहितावाचता येण्याचीही गरज नाही.

अशी रेघ आपल्या धरणांवरच्या प्रत्येक छोट्या नावेवर का नसावी? इंजिनाच्या नावांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. त्यांची तपासणी आणि नोंदणी हे अधिकाऱ्यांचे काम असून शाळेने ते आपल्याकडे घेऊ नये. पण वल्ह्याच्या, घरी दुरुस्त केलेल्या नावेचे मोजमाप कोण करणार? माझी सूचना अशी, की धरणाकाठच्या शाळांनी हा प्रकल्प हाती घ्यावा. नाव गुडघाभर पाण्यात उभी करावी, २० लिटरचे पाण्याने भरलेले डबे एकेक करून ठेवावेत आणि प्रत्येक डब्यामागे ती किती बुडाली, हे पट्टीने मोजून आलेख काढावा. मग डबे एका कडेला सरकवून काठ किती खाली येतो, तेही पाहावे. सर्व भार एका कडेला आल्यावरही काठ निदान वीतभर वर राहील, असा भार निश्चित करावा आणि तेथे पांढरी रेघ ओढावी. मोठ्या पाण्यावर लाटा किती उठतात, हे जन्मभर जाळे टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून रेघ आणखी खाली घ्यावी. तरंगण्याची जाकिटे आणि पोहणारी मोठी माणसे हजर असल्याखेरीज यातले काहीही करू नये.

'मुलांच्या रेघेला कोण जुमानणार?' असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण जी नाव आपल्या देखत डब्यांनी भरली आणि जिचा काठ पाण्याला टेकताना आपण पाहिला, तिच्यात अकरावा माणूस बसवताना नावाड्याचा हात क्षणभर तरी थांबेल. आणि ज्या मुलाने तो आलेख काढला, तो भरलेल्या नावेत पाऊल टाकण्यापूर्वी वाकून रेघ पाहील. रेघ पाण्याखाली असेल, तर तो दुसऱ्या फेरीसाठी काठावर थांबेल. आर्किमिडीजचे तत्त्व त्याला समजले, असे त्या दिवशी खुशाल म्हणावे. गुण किती पडले, हे नंतर पाहता येईल.