रागाचा पंचनामा

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचे बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे नकाशावर आपल्यापासून दूर दिसत असले, तरी गोमंतकाच्या येण्याजाण्यात ते पूर्वापार आहेत. भीमा-अमरजेच्या संगमावरचे गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातले; जुन्या पिढीच्या तोंडी अजून गुलबर्गाच. बेळगाव, विजयापूर, सिंदगी असा मुक्काम करीत आपल्याकडील दत्तभक्तांच्या गाड्या त्या जिल्ह्यात शिरतात. तेथून वर बीदर जिल्ह्यातील हुमनाबादला पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग आणि नांदेडहून बीदरमार्गे कलबुर्गी-विजयापूरकडे उतरणारा महामार्ग एकमेकांस छेदतात. तीन राज्यांच्या नंबरपाट्या, चार भाषांतल्या शिव्या आणि हंगामात उसाने लादलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अशी त्या रस्त्यांवरची रहदारी आहे.

३ जून २०२२ च्या सकाळी गोव्याहून हैदराबादला निघालेली एक खासगी बस कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूरजवळ मालवाहू वाहनाशी टक्कर होऊन पेटली आणि किमान सात प्रवासी आत जळून गेले. आम्ही आज ज्याविषयी लिहीत आहोत तो प्रकार याहून निराळा आहे. त्यात चूक डोळ्यांची किंवा ब्रेकची नसते, डोक्याची असते. मागून डिपर देणाऱ्याला वाट मिळाली नाही, की तो पुढे येऊन आडवा ‘कट’ मारतो, हूल देतो, एकदोन वेळा दाबतो आणि शेवटी धडक होते. मग धाकटे वाहन खड्ड्यात आणि थोरले पसार, किंवा थोरल्याचाच कांगावा मोठा. बळी तो कान पिळी हा न्याय रस्त्यावर कोणास शिकवावा लागत नाही. अशा वेळी जखमी माणसाच्या तोंडून हल्ली हमखास एक वाक्य निघते: ‘आमच्याकडे व्हिडिओ नाही, आता काय सिद्ध होणार?’

हा निराशेचा उद्गार कायद्याच्या दृष्टीने निराधार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र अशी प्रकरणे बुडत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. ती बुडतात, परंतु चित्रण नव्हते म्हणून क्वचित, आणि पहिल्या काही तासांत कोणी काहीच टिपून ठेवले नाही म्हणून बहुधा.

रस्त्यावरच्या रागाचा आपल्या देशातला सर्वांत गाजलेला खटला घ्या. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात गाडी हटविण्याच्या वादातून पासष्ट वर्षांच्या एका गृहस्थास मारहाण झाली व ते मरण पावले. आरोपींत क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू होते. १९९९ साली सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २००६ साली उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ इजा केल्याबद्दल हजार रुपये दंड केला. आणि १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने पुनर्विचारात एक वर्ष सक्तमजुरी दिली. तेहतीस वर्षांचे हे हेलकावे मुख्यत्वे कशावरून? मृत्यू नेमका कशाने झाला आणि त्याची जबाबदारी किती, यावरून. या प्रश्नाचे उत्तर चित्रफितीत मिळाले नसते. ते वैद्यकीय पुराव्यातच शोधावे लागले.

येथेच एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शिक्षा देणारे न्यायालय संशयातीत पुरावा मागते. २००२ साली वांद्र्याच्या पदपथावर गाडी गेली, त्या प्रकरणात २०१५ च्या मे महिन्यात सलमान खान यांना सत्र न्यायालयाने दोषी ठरविले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून सोडले, ते याच कसोटीवर. नुकसानभरपाई देणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची कसोटी मात्र सौम्य आहे: कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढेच तेथे पाहिले जाते. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलेल्या एन. के. व्ही. ब्रदर्स खटल्यात रात्रीच्या वेळी एक बस उच्च दाबाच्या लोंबत्या तारेस भिडून आठ जण जागीच ठार झाले होते. फौजदारी न्यायालयाने ही दैवी आपत्ती मानून चालकास सोडले होते. तरीही भरपाई कायम राहिली. त्यापूर्वी १९७७ साली, नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली मोटार झाडावर आदळल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाच स्वतः बोलते हे तत्त्व लावले. धड चालविलेली गाडी सहसा झाडावर जात नाही. ती का गेली हे दुसऱ्या पक्षाने सांगावे.

म्हणून तक्रार लिहविणाऱ्यास आमचे पहिले सांगणे असे की, समोरच्याच्या मनात काय होते हे लिहू नका; त्याच्या चाकांनी काय केले ते लिहा. ‘त्याने मला मारण्याच्या हेतूने धडक दिली’ हे वाक्य संतापाच्या भरात सहज लिहिले जाते, पण ते सिद्ध करणे महाकठीण, आणि भरपाईच्या दाव्यात ते उलटूही शकते. जाणूनबुजून केलेला घात हा ‘अपघात’ ठरतो काय, असा वाद विमा कंपन्या घालतात. २००० सालच्या रीटा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयास याच प्रश्नाचा उलगडा करावा लागला. याउलट ‘ढाब्यापासून पुढे दोनदा उजवीकडून पुढे आला, दोनदा ब्रेक दाबले, तिसऱ्यांदा डावीकडे दाबले’ हे प्रत्येक वाक्य तपासता येते. राग मागे खूण ठेवीत नाही, चाके ठेवतात.

आणि त्या खुणा किती बोलक्या असतात! दोन वाहने भिडली की चिखलपट्टीखालचा साचलेला चिखल आणि काचांचा चुरा प्रायः जेथे टक्कर झाली तेथेच पडू लागतो. मध्यरेषेच्या कोणत्या बाजूस तो आहे यावरून कोण कोणाच्या बाजूत घुसला ते कळते. पुढे जाऊन आडवा आलेल्या वाहनाचे डावे मागचे अंग आणि मागच्याचे उजवे पुढचे अंग घासलेले असते. ओरखडा पुढून मागे गेला की मागून पुढे, यावरून अधिक वेग कोणाचा हे जाणकारास सांगता येते. एकाचा रंग दुसऱ्याच्या पत्र्यावर उतरतो. नव्या गाड्यांत चाके न अडकू देणारे ब्रेक असल्याने डांबरावर काळे पट्टे पूर्वीइतके उमटत नाहीत हे खरे. पण बीदर-कलबुर्गीकडच्या काळ्या मातीच्या साइडपट्टीत पावसानंतर रुतलेले चाक आपली कहाणी सोडून जाते. शिवाय टोलनाक्यावरील फास्टॅगची नोंद, ११२ क्रमांकावर केलेल्या फोनची वेळ, इस्पितळाच्या नोंदवहीत जखमीने प्रथम सांगितलेली हकीकत, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, हे सारे चित्रफितीविनाच उपलब्ध असते. मात्र तासाभरात क्रेन येते, काचा झाडल्या जातात, वाहने ठाण्याच्या आवारात ओढली जातात. त्यानंतरचा पंचनामा म्हणजे वरातीमागून घोडे.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. आपण ज्यास पंचनामा म्हणतो त्यास तेथील पोलीस ‘महजर’ म्हणतात आणि तो कन्नडमध्ये लिहितात. त्यात गैर काही नाही. ती त्या राज्याची राजभाषा आहे. भालकी, औराद, बसवकल्याणकडे मराठी समजणारा माणूस ठाण्यात सापडतोही. पण डोक्याला टाके पडलेला फोंड्याचा किंवा सावंतवाडीचा प्रवासी न वाचता येणाऱ्या कागदावर सही करतो, आणि दोन वर्षांनी त्याचे भाषांतर हाती आल्यावर आपण ‘समोरून’ म्हटले होते ते ‘मागून’ झाल्याचे त्यास कळते, ही गोष्ट अशक्य कोटीतली नव्हे. फिर्याद वाचून दाखविणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आपली हकीकत आपल्या भाषेत स्वहस्ते लिहून द्यावी व पोच घ्यावी.

कोणी म्हणेल, प्रत्येक गाडीत कॅमेरा बसवा म्हणजे प्रश्न मिटला. कॅमेऱ्यास आमचा विरोध नाही. ज्यास परवडेल त्याने जरूर बसवावा. पण चित्रण म्हणजे देववाणी नव्हे. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यास विधिवत प्रमाणपत्र हवे हे पुन्हा बजावले. आणि कॅमेरा असतो कोणाच्या गाडीत? ४ नोव्हेंबर २०२२ रोजी बीदर जिल्ह्यातील बेमळखेडजवळ ट्रक आणि ऑटोरिक्षाच्या टकरीत मजुरीहून घरी परतणाऱ्या सात स्त्रिया गेल्या. त्यांच्या रिक्षात कोणी कॅमेरा शोधावा? ज्याच्याकडे चित्रण त्याचाच न्याय, हा दंडक एकदा रुळला की सायकलवाला, पादचारी आणि ऊसतोडणी कामगार कायमचे खोटे ठरतील.

मुदतींविषयी थोडक्यात. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्रथम अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा आहे. दाव्यास सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि ती न्यायालयीन वादात सापडली असली तरी तिच्यावर विसंबून कोणी झोपू नये. दाव्यासाठी कलबुर्गीच्या खेपा घालण्याचेही कारण नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो. ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांस ठाऊक आहे.

राहिला साक्षीदार. ढाबेवाला, मागच्या सरकारी बसचा वाहक, उसाच्या गाडीवरचा माणूस या तिघांनी पाहिलेले असते आणि तिघेही गप्प राहतात, कारण एकदा नाव दिले की कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील ही धास्ती. जखमीस मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण २०१६ पासून आहे आणि पुढे ते मोटार वाहन कायद्यातही आले. परंतु हुमनाबादच्या चहाच्या टपरीवर ते कोणी सांगितले आहे काय? तेथील पोलिसांनी ही माहिती कन्नड, मराठी आणि उर्दूत रंगवून महामार्गावर लावावी. दत्तजयंतीस गाणगापूरच्या वाटेवर आपल्याकडील गाड्यांची रीघ लागते. त्यापूर्वी गोवा सरकारने कलबुर्गी आणि बीदरच्या पोलीस अधीक्षकांशी पत्रव्यवहार करून महामार्गावरील ठाण्यांत मराठी व कोंकणी जाणणाऱ्या दुभाष्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक लावून घ्यावेत. या कामास एक टपालखर्च आणि एका अधिकाऱ्याचा अर्धा दिवस पुरेसा आहे.