ताज्या मासळीची परीक्षा

मासळी घ्यायला मला आईने शिकवले. कॉलेजात वर्षभर घोकूनही मुलांच्या डोक्यात समास उतरत नाहीत. पण आईचा तो धडा मी आठव्या वर्षी, एका रविवारी सकाळी, हातात पिशवी धरून घेतला आणि अजून विसरलो नाही. कल्ला उचलून पाहा, लाल हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला नको. मग अंगठ्याने पोटाजवळ दाबायचे. खळगा पडून तसाच राहिला, की टोपली सोडून पुढे चालायचे. चौथी परीक्षा नाकाची. ती कोणाला शिकवावी लागत नाही.

या चार परीक्षांवर अलिबागेत आमची तीन पिढ्यांची पंगत उठली. म्हणून २०१८ च्या जुलैमधली गोव्याची बातमी वाचली, तेव्हा चहाचा पेला हातात तसाच राहिला. १२ जुलैला मडगावच्या घाऊक बाजारात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने परराज्यांतून आलेली मासळी जागेवरच तपासली आणि तीत फॉर्मेलिन असल्याचे दिसले. पुढे त्याच खात्याने सांगितले की प्रयोगशाळेच्या तपासणीत प्रमाण मर्यादेच्या आत भरले. लोक खरे भडकले ते यावर. मासळीला फॉर्मेलिन लावायची कायद्यात मुळी परवानगीच नाही, मग मर्यादा कसली? शेवटी १८ जुलैला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी महिनाअखेरपर्यंत बाहेरची मासळी आणण्यास बंदी केली. त्याआधीच्या महिन्यात केरळातही नाक्यांवर अशी हजारो किलो मासळी पकडली गेली होती.

आता हे जुलैतच का, ते आपणा किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात, मासेमारीला बंदी असते. पण जिभेला बंदी नसते. मग दूरच्या किनाऱ्यावरून बर्फात घालून गाड्या येतात. वाट लांबते, बर्फ वितळतो, बर्फाला पैसे पडतात, आणि कोणा महाभागाला आठवते की बाटलीतले औषध याहून स्वस्त आहे.

हे औषध मी रोज पाहतो. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत काचेच्या बरण्यांतून मासे ठेवले आहेत. काही तर माझ्या आधीपासून नोकरीत आहेत. ते ज्या पाण्यात बुडालेले असतात ते फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड हा वायू विरघळवलेले पाणी. त्याने जंतू मरतात आणि मांसातली प्रथिने एकमेकांना जखडली जातात. मास घट्ट होते, कुजत नाही, वास मारत नाही. म्हणजे पाहा, अंगठ्याने दाबले तर खळगा राहायचा नाही आणि नाकाला काही लागायचे नाही. आईच्या चार परीक्षांपैकी दोन हा मासा मेल्यावर आठ दिवसांनीही पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल!

मला भीती वाटते ती याची. भेसळ करणारा आपल्या अज्ञानावर जगतो असे आपण म्हणतो. पण तो आपल्या पारखीवरही जगतो. हळद पिवळीधमक हवी असे आपण म्हणालो, म्हणून तीत शिसे असलेला पिवळा रंग पडला. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले होते. सरकारने गिरण्यांवर धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितले, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. धमक असली की होते, एवढे त्यावरून कळले.

फॉर्मेलिनने होते तरी काय? २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. तो पुरावा मुख्यतः कारखान्यांतून त्याची वाफ नाकावाटे घेणाऱ्या कामगारांचा आहे. एका तुकड्याने कोणी आजारी पडेल असे नव्हे. पण पोटाच्या आतल्या अस्तराला ते जाळते, आणि पोरांना आठवड्यातून तीनदा मासळी देणाऱ्या घराने ती जोखीम का घ्यावी? धुण्याने, शिजवण्याने ते थोडेफार कमी होते. त्यावर विसंबू नये. आणखी एक गंमत अशी की मासा मेल्यावर त्याच्या अंगात थोडे फॉर्माल्डिहाइड आपोआपच तयार होते, आणि आपले लाडके बोंबील यात फार पुढे! म्हणून नुसते ‘सापडले’ म्हणून ओरडून भागत नाही, किती सापडले आणि कोणत्या माशात, हेही विचारावे लागते.

ती बातमी वाचली त्याच आठवड्यात मी एक चूक केली. आमच्या दाराशी वर्षानुवर्षे टोपली उतरवणाऱ्या मावशींना मी विचारले, “मावशी, याला औषध तर नाही ना लावलेले?” त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “मास्तर, तुमी पन?” आणि टोपली उचलून चालू लागल्या. पुढे पंधरा दिवस आल्या नाहीत. ज्या गाडीतून माल उतरतो ती गाडी कोणाची, तो बर्फ कुठला, हे विचारायची माझी छाती नव्हती. म्हणून जिच्या हातात फक्त कोयता होता तिला मी विचारले. वास्तविक तपासणी सोपी आहे. कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षी कागदी पट्टीची एक पेटी बाजारात आणवली. पट्टी माशावर घासायची, वर थेंब टाकायचा, रंग पालटला की कळते. काही मिनिटांचे काम. ते गाडी उतरते तिथे, घाऊक व्यापाऱ्यासमोर व्हायला हवे. दारोदार फिरणाऱ्या बाईने ती पट्टी कुठे कुठे घेऊन हिंडावे?

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला बहीण-मेहुणे पुण्याहून आले. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांना पापलेट हवे. अलिबागेला येऊन पापलेट न खाता परत जायचे म्हणजे काय! मावशी आल्या. मेहुण्यांनी टोपलीतले सर्वांत टणक, सर्वांत चकचकीत जोड उचलले आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी आईच्या शिस्तीने अंगठा पुढे केला.

मावशींनी ते जोड त्यांच्या हातातून हळूच काढून घेतले. “मास्तर, ह्यो माल गाडीचा हाय, आपल्या होडीचा नाय,” त्या म्हणाल्या. “औषध हाय का नाय, मला ठावं नाय. पावन्यांना नका घालू. परवा आमचा नाखवा येईल, तवा देते.”

त्या दिवशी पाहुण्यांना आम्ही वालाचे बिरडे वाढले. मेहुणे थोडे रुसले, पण दोनदा मागून घेतले.