शंकरपटाचे बक्षीस मोठे, पण बैलाचे काय?

धान घरात आले, की झाडीपट्टीत नाटकांचे आणि शंकरपटाचे वेध लागतात. मधली काही वर्षे पट थंडावले होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रकरण कोर्टातच अडकले. १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले, ही आनंदाची गोष्ट. पण ही परवानगी अटींवर मिळाली आहे, हे विसरून चालणार नाही.

जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, १००० मीटरच्या आतली धाव, आणि तुतारी, चाबूक, बॅटरीचा झटका यांना मनाई. बैलाला इजा किंवा क्रूर वागणूक झाली, तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. कागदावर सारे चोख आहे. खरा प्रश्न बक्षिसाचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप अशी बक्षिसे लागू लागली. तिकडचे वारे इकडे यायला कितीसा वेळ लागतो? बक्षीस जेवढे मोठे, तेवढा धुरकऱ्याचा हात सैल सुटतो. शेपटी पिरगाळणे, आर टोचणे हे काही हौसेपोटी होत नाही. एका क्षणाच्या फरकावर लाखाची वस्तू टांगली, की माणूस बैल पाहत नाही, घड्याळ पाहतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. परदेशात घोड्यांच्या १६० किलोमीटरच्या शर्यती होतात. वाटेत टप्प्याटप्प्यावर डॉक्टर नाडी मोजतात. ठरल्या वेळात ठोके साधारण ६४ पर्यंत उतरले नाहीत किंवा घोडा लंगडला, तर तो बाद. एवढे नियम असूनही आखातात मोठी बक्षिसे आणि सपाट वाळूवरचा वेग यांपायी घोड्यांचे पाय मोडू लागले. अखेर मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने संयुक्त अरब अमिरातीची संघटना काही महिने निलंबित केली. उलट अमेरिकेत १९५५ पासून चालणाऱ्या टेव्हिस शर्यतीत रोख बक्षीस नाही. पूर्ण करणाऱ्याला चांदीचे बक्कल मिळते. पहिल्या दहांत जो घोडा सर्वांत सुस्थितीत असेल, त्याला वेगळा चषक.

यातून आपल्या पट समित्यांनी काय घ्यावे? एक, सारी रक्कम पहिल्या नंबरावर न ओतता दहा-पंधरा जोड्यांत वाटावी. दोन, धाव संपल्यावर डॉक्टरांनी जोडी पुन्हा तपासावी. अंगावर वण, रक्त किंवा लंगडणे दिसले, तर नंबर रद्द. त्याआधी बक्षीस हाती देऊ नये. तीन, सर्वांत निरोगी, उत्तम राखलेल्या जोडीला पहिल्या नंबराइतकेच बक्षीस ठेवावे. यासाठी नवा जी.आर. लागत नाही, समितीचा ठराव पुरतो. सरपंच आणि पोलीस पाटलांनी परवानगीचा अर्ज जातानाच तो सोबत जोडायला लावावा.

चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली, गोठे रिकामे होत आहेत. पटाच्या हौसेपायीच काही घरी अजून बैलजोडी टिकून आहे. उद्या एका गावात बैल पडला आणि कोणी पुन्हा कोर्टात गेले, तर बंदी एका गावापुरती राहणार नाही.