राखणदाराने मालक होऊ नये

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल मिळाले, परंतु त्यातील बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मात्र वनखात्याने आपल्याच मुठीत ठेवला. बांबू हे गौण वनोपज होय, असे २००६ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले असतानाही खात्याचा हेका सुटेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात जाऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कोठे गाडे हलले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू म्हणजे गवत. १९२७ च्या कायद्याला ते झाड वाटले, ही गोष्ट वेगळी! गवतासाठी दिल्लीहून मंत्र्याने यावे, हा कारभाराचा नमुना म्हणावा लागेल.

खात्याचा हा स्वभाव आजचा नव्हे. १८६४ साली इंग्रज सरकारने हे खाते उभारले, ते मुख्यतः रेल्वेला लाकूड अखंड मिळावे म्हणून. १८७८ च्या कायद्याने जंगलाभोवती राखीव रेघ ओढली आणि पिढ्यान्‌पिढ्या सरपण व मोहफुले वेचणारा रानातला माणूस चोर ठरला. स्वातंत्र्यानंतर सत्ताधारी बदलले, रेघ राहिली. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगले तोडून साग लावला. वहीत तो विकास म्हणून नोंदला गेला. मोह, तेंदू, चारोळीवर ज्यांचे पोट चालते, त्यांचा हिशेब त्या वहीत बसत नाही.

खात्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ताडोबात वाघ टिकला, त्यात वनरक्षकांच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाला तेथे वाघाने ठार केले. काठीनिशी रान तुडविणाऱ्या या माणसांविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमची तक्रार आहे ती शिक्का हाती असणाऱ्यांविषयी.

२०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपविला. ग्रामसभेचा आराखडा खात्याच्या कार्य आयोजनेत सामावून घ्यावा, असेही ते नियम सांगतात. नवा कायदा कोणी मागत नाही. वनाधिकाऱ्यांनी ग्रामसभेचा परवाना नाक्यावर निमूटपणे मान्य करावा आणि आयोजना लिहिण्यापूर्वी गावाच्या चावडीवर जाऊन बसावे, एवढेच मागणे आहे. प्रत्येक गावाला मंत्री कोठून मिळणार?