आधी अभ्यासक्रम दाखवा, मग लॅपटॉप मागा

कॅप राउंडची अलॉटमेंट लागली की माझा फोन वाजायला लागतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवतो, म्हणून भावकीत, सोसायटीत आणि बायकोच्या माहेरी माझी परस्पर ‘लॅपटॉपतज्ज्ञ’ या पदावर नेमणूक झालेली आहे. बिनपगारी. प्रश्न ठरलेला: ‘सर, पोराला कुठला लॅपटॉप घेऊ?’ मी विचारतो, कॉलेजनं काय सांगितलंय? ‘कंपल्सरी आहे म्हणाले.’ कशासाठी? कुठल्या विषयाला? कुठल्या सेमिस्टरला? ‘ते काय विचारलं नाही बुवा.’

विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. मी आतला माणूस आहे म्हणून सांगतो, ‘लॅपटॉप अनिवार्य’ हे ज्या बैठकीत ठरतं तिथे अभ्यासक्रमाचं पान कुणी उघडतच नाही. शेजारच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात तशी ओळ छापून आली की आपल्याकडेही छापायची, एवढाच त्यामागचा शैक्षणिक विचार. आणि दुसरं कारण बैठकीत मोठ्यानं बोलत नाहीत, पण सगळ्यांना माहीत असतं: लॅबमधली मशीन म्हातारी झालीत आणि ती बदलायला पैसे काढायची कुणाची इच्छा नाही.

ही लॅब फुकट मिळत नाही हो. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ते ठरवताना संस्थेनं दाखवलेला खर्च बघितला जातो. किती विद्यार्थ्यांमागे किती संगणक हवेत याचं प्रमाण एआयसीटीईनं मान्यतेच्या अटींमध्ये घालून दिलेलं असतं. म्हणजे लॅबचे पैसे बाप फीतून भरतो. मग त्याच लॅबमध्ये निम्मे सीपीयू बंद, कीबोर्डवरचं ‘एस’ आणि ‘एंटर’ गायब, यूपीएस दिवसभर कोकलतोय, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं ज्याचा सपोर्ट बंद केला ते विंडोज १० अजून ठाण मांडून बसलंय, कारण त्या मशीनवर विंडोज ११ चढतच नाही. यावर कॉलेजनं काढलेला उपाय म्हणजे मुलांनी आपापलं मशीन घेऊन यावं. एकाच गोष्टीचे पैसे दोनदा वसूल करण्याला बाजारात वेगळं नाव आहे. आमच्याकडे त्याला डिजिटल कॅम्पस म्हणतात.

बरं, मशीन आणलं. पुढे? मागच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला एक पोरगा नवाकोरा गेमिंग लॅपटॉप घेऊन आला. कीबोर्डखालून लाल-हिरवे-जांभळे दिवे वाहत होते, पंखा असा घोंगावत होता की मागच्या बाकावरचे माना वर करून बघत होते. स्क्रीनवर काय? टर्बो सी++ ची ती निळी खिडकी. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉससाठी लिहिलेलं. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते चालतच नाही. म्हणून आधी डॉसबॉक्स टाकायचं, म्हणजे आजच्या मशीनला तीस वर्षं जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावायचं, आणि मग त्या सोंगात सी शिकायचं. पोरानं पाचाच्या फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम चालवला. आउटपुट आलं १२०. मग त्यानं ऐंशी हजारांचं ते यंत्र बाजूला सरकवलं, बॅगेतून रेघांची पानं काढली आणि तोच प्रोग्रॅम निळ्या पेननं, खाली ‘आउटपुट’ काळ्या पेननं, जर्नलमध्ये उतरवून काढला. सही जर्नलवर मिळते. टर्मवर्कचे मार्क जर्नलला असतात. आणि सेमिस्टर संपताना जी थिअरीची परीक्षा होते तिच्यात हाच प्रोग्रॅम पुन्हा कागदावर, पेननं लिहायचा असतो.

या सगळ्या कारभारात लॅपटॉप नेमका कुठे ‘अनिवार्य’ होता ते मला कुणीतरी समजावून सांगा.

कॉलेज सांगत नाही म्हटल्यावर निर्णय कोण घेतं? दुकानदार. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये जाऊन उभं राहा. टी-शर्टवर कंपनीचं नाव असलेला पोरगा येतो. ‘काका, शाखा कुठली?’ कॉम्प्युटर. ‘मग ग्राफिक कार्ड लागणारच.’ मेकॅनिकल. ‘ग्राफिक कार्ड लागणारच.’ एआय अँड डेटा सायन्स म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर दिवाळीच. काका खिशातल्या चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा एकदा बघतात आणि विचारतात, ‘चार वर्षं टिकंल ना पण?’ ‘डोळे झाकून घ्या काका.’ आणि काका खरंच डोळे झाकतात.

तर डोळे उघडून ऐका. एआय शिकणाऱ्या पोरांना मॉडेल चालवायला जे ग्राफिक कार्ड लागतं ते गूगल कोलॅबवर, मर्यादा असल्या तरी, फुकट वापरायला मिळतं, आणि पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत तेवढीही गरज पडत नाही. मेकॅनिकलच्या पोरांना सॉलिडवर्क्स लागेल, पण कुठल्या सेमिस्टरला ते कॉलेजनं सांगावं. गेमिंग लॅपटॉपचं वजन सव्वादोन किलोच्या पुढे, चार्जर विटेएवढा, आणि वर्गात तो चार्जर लावायला एकच सॉकेट, तेही पंख्याच्या बटणांशेजारी, कधीचं बंद. तिसऱ्या तासाला बॅटरी मान टाकते. मग हॉस्टेलवर रात्री ते मशीन ज्या कामासाठी बनलं त्याच कामाला लागतं. त्याबद्दल पोराला दोष देऊ नका. गेमिंगचा लॅपटॉप तुम्हीच आणून दिलात, त्यावर तो गेम खेळतो.

गेमिंगचं खूळ परवडलं, कारण ते निदान उघड आहे. फसवणूक खरी स्टिकरांत आहे. ‘रायझन ५ ७५२०यू’ असं लिहिलेला लॅपटॉप काऊंटरवर दिसला तर जरा थांबा. एएमडीनं या मालिकेत पहिला आकडा वर्षासाठी राखला आहे, सात म्हणजे २०२३. आतली रचना कुठल्या पिढीची ते तिसरा आकडा सांगतो. इथे तो दोन आहे, म्हणजे झेन २, आणि ही रचना बाजारात आली २०१९ साली. शिवाय या चिपसोबतची रॅम मदरबोर्डवर कायमची डकवलेली येते. आठ जीबीचं मशीन घेतलं तर ते मरेपर्यंत आठ जीबीचंच. कंपनीनं काही लपवलेलं नाही, सगळं आकड्यांतच लिहून ठेवलंय. फक्त तो आकडा वाचायला कुणी शिकवत नाही, आणि विकणाऱ्या पोरालाही तो वाचता येत नाही. त्याला एवढंच पाठ असतं की तीनापेक्षा पाच मोठा आणि पाचापेक्षा सात.

सध्याचा नवा मंत्र ‘एआय लॅपटॉप’. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये कोपायलट प्लस नावाची पायरी काढली. त्यात सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा एनपीयू नावाचा भाग लागतो. ऐकायला भारदस्त आहे. माझ्या शाखेच्या चारही वर्षांचा अभ्यासक्रम मी डोळ्यांखालून घातलाय, त्या भागाला काम देणारं एकही प्रॅक्टिकल मला सापडलं नाही. या पायरीतली एकच गोष्ट विद्यार्थ्याच्या कामाची आहे: अशा मशीनला किमान १६ जीबी रॅम ठेवावीच लागते.

सफरचंदवाल्यांचं थोडक्यात सांगतो. मॅकबुक उत्तम यंत्र आहे, बॅटरी दिवसभर चालते, वजनाला हलकं आहे. पण सिव्हिलचं रेव्हिट, मेकॅनिकलचं सॉलिडवर्क्स आणि कॉमर्सचं टॅली ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, मॅकसाठी निघतच नाहीत. एका सिव्हिलच्या मुलीला मामांनी कौतुकानं मॅकबुक घेऊन दिलं. तिसऱ्या वर्षी ती मैत्रिणीच्या जुन्या डेलवर प्रोजेक्ट करत होती.

टॅबलेटची गोष्ट आणखी जुनी आहे आणि सरकारनं ती आपल्या खर्चानं शिकून ठेवलेली आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेटचं दिल्लीत उद्घाटन केलं. सात इंची पडदा, तोही बोटानं दाबून दाबून चालवायचा. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून गाजावाजा झाला, तक्रारी आल्या, मग प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला ‘आकाश २’ निघाला. आज कुठल्या कॉलेजात आकाश दिसतो? तेव्हाही आधी यंत्र ठरलं, त्यावर शिकवायचं काय ते नंतर बघू म्हणाले. आज तेच घराघरांत चाललंय, फरक एवढाच की खर्च सरकारऐवजी बाप करतो.

टॅबलेटवर वाचता येतं, लिहिता येतं, व्हिडिओ बघता येतात. एमबीबीएसच्या पोरांना तो शोभतो. हजार-हजार पानांची पुस्तकं, आकृत्या, त्यावर पेननं खुणा, वॉर्डात उभ्या उभ्या चाळायची सोय, तिथे लॅपटॉप म्हणजे अडगळ. कायद्याच्या विद्यार्थ्यालाही निकालपत्रं वाचायला चालेल. पण ज्याला कोड लिहायचाय, टॅली शिकायचंय, शंभर पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायचाय, त्यानं टॅबलेट घेऊन पैसे वाचतील ही आशा सोडावी. टॅबलेट, वेगळं पेन आणि वेगळा कीबोर्ड यांची बेरीज करून बघा. तेवढ्यात बरा लॅपटॉप येतो, आणि त्याला कीबोर्ड आधीच जोडलेला असतो.

आता पैशाचं बोलू, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. वहीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला, छान झालं. लॅपटॉपवरचा १८ टक्के आहे तिथेच आहे. साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये नऊ हजार दीडशेच्या आसपास नुसता कर असतो. धंदेवाला तो हिशोबात वळता करून घेतो, विद्यार्थ्याचा बाप कुठे वळता करणार? २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. मात्र फीमाफीचा कागद हातात घेऊन बाहेर पडलेल्या त्याच मुलीला कॉलेज सांगतं, लॅपटॉप कंपल्सरी आहे हं. वरच्या खिशात घातलेलं खालच्या खिशातून काढलं.

मग शोरूममध्ये ‘नो कॉस्ट ईएमआय’चं टेबल असतंच. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वातच नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१३ सालीच लिहून कळवलेलं आहे. प्रोसेसिंग फी असते, रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवाल्याला मिळत नाही, व्याज कुठे ना कुठे मुरलेलं असतं. आणि गंमत म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत वाजवी किमतीच्या संगणकाची तरतूद आहे. अट एकच: तो अभ्यासक्रम पूर्ण करायला आवश्यक हवा. मग ‘कंपल्सरी’ म्हणणाऱ्या कॉलेजनं हे लेटरहेडवर लिहून द्यावं ना! अमुक सेमिस्टर, अमुक विषय, अमुक सॉफ्टवेअर, किमान इतकी रॅम. मी हे पत्र आमच्या कार्यालयात मागून पाहिलं. ‘असं लेखी कसं देता येईल, सर? उद्या कुणी विचारलं तर?’ उद्या कुणी विचारावं म्हणूनच ते लेखी हवं आहे.

घेणारच असाल तर माझं मत साधं आहे. सोळा जीबी रॅम, किंवा आठ असेल तर वाढवायला मोकळा स्लॉट आहे की नाही ते आधी विचारून घ्या. २०२५च्या अखेरपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे दुकानदार पुन्हा आठ जीबी गळ्यात मारू बघताहेत. ५१२ जीबीची एसएसडी. वजन दीड किलोच्या आसपास. कीबोर्डवर दुकानातच एक परिच्छेद टाइप करून बघा, लाजू नका. वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करणारी, आणि ती तुमच्या गावात लागू आहे का तेही विचारा. लातूर किंवा सावंतवाडीच्या पोरानं मदरबोर्डसाठी पुण्या-मुंबईच्या खेपा का घालायच्या? आणि हात आखडता असेल तर लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड मिळतात. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची बघून घ्या, म्हणजे विंडोज ११ चालेल. दिसायला काळे ठोकळे असतात, इन्स्टाग्रामवर फोटो टाकण्यासारखे अजिबात नाहीत, पण उघडून दुरुस्त करता येतात आणि निम्म्याहून कमी पैशांत पदवी पार पडते.

यंदा रिपोर्टिंगला जाल तेव्हा मूळ कागदपत्रांसोबत एक अर्ज न्या. साधा कागद चालेल. ‘माझ्या पाल्याला कुठल्या सेमिस्टरला, कुठल्या विषयासाठी, कुठलं सॉफ्टवेअर लागणार आणि त्यासाठी किमान कसा लॅपटॉप लागेल, हे लेखी कळवावे. तसेच कॉलेजच्या लॅबमध्ये चालू स्थितीतले किती संगणक आहेत तेही कळवावे.’ आवक नंबर घ्या, पोचपावतीवर शिक्का घ्या. उत्तर येईपर्यंत लॅपटॉप घेऊ नका. पहिलं सेमिस्टर जर्नल लिहिण्यातच जातं, पोराचं काही अडत नाही.