गजर खरा की खोटा?

संगणक सुरक्षेच्या इतिहासात १९ सप्टेंबर २०१२ या दिवसाची नोंद काहीशी चमत्कारिक आहे. सोफॉस या ब्रिटिश कंपनीच्या अँटिव्हायरसने त्या दिवशी ग्राहकांच्या संगणकांवर 'श्श/अपडेटर-बी' नावाचा विषाणू सापडल्याच्या सूचना देण्यास सुरुवात केली. प्रत्यक्षात विषाणू कोठेच नव्हता. कंपनीने नुकत्याच पाठविलेल्या ओळखसूचीत चूक होती आणि तिच्यामुळे निरनिराळ्या सॉफ्टवेअरचे अपडेट आणणारे निरुपद्रवी प्रोग्राम संशयित ठरत होते. त्यांत सोफॉसचा स्वतःचा अपडेट आणणारा प्रोग्रामही होता! चूक सुधारणारी नवी सूची कंपनीने त्वरेने तयार केली. परंतु ज्या संगणकांवर ती आणणारा प्रोग्रामच अडवला गेला होता, तेथे ती पोचणार कशी? अनेक कार्यालयांत तंत्रज्ञांना ही दुरुस्ती हाताने करावी लागली.

अशा खोट्या गजराला संगणकाच्या परिभाषेत 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. मोठ्या कंपन्यांत त्याचा निवाडा करण्यास तंत्रज्ञ असतात. दुकानात, पेढीवर किंवा घरी मात्र तो प्रसंग एकट्या माणसावर येतो, आणि बहुधा अडचणीच्या वेळीच येतो. महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरण्याचा शेवटचा दिवस. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचे नवे अपडेट उतरवून घेतले जाते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात : 'धोका आढळला. फाइल क्वारंटाइन केली आहे.' अशा वेळी दोन सोपे मार्ग समोर दिसतात. एक म्हणजे अँटिव्हायरस तात्पुरता बंद करून अपडेट बसविणे आणि दुसरा म्हणजे अपडेटचा नादच सोडून देणे. हे दोन्ही मार्ग महागात पडू शकतात. ते का, हे समजण्यासाठी अँटिव्हायरस निर्णय कसा घेतो हे पाहणे आवश्यक आहे.

त्याच्या कामाच्या मुख्य रीती तीन. पहिली ओळखीची : ज्ञात विषाणूंच्या खुणांची सूची त्याच्याजवळ असते आणि प्रत्येक फाइल तो तिच्याशी ताडून पाहतो. दुसरी वर्तनाची : एखादा प्रोग्राम संशयास्पद हालचाली करीत असेल, तर खूण जुळली नाही तरी तो त्याला अडवतो. तिसरी लौकिकाची : जी फाइल आजवर फारच थोड्या संगणकांवर दिसली आहे, तिच्यावर तो चटकन विश्वास ठेवीत नाही. आता अपडेटचे वर्तन पाहावे. ते इंटरनेटवरून येते, घट्ट आवळलेल्या स्वरूपात येते, जुन्या फाइली काढून त्या जागी नव्या ठेवते, संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी तजवीज करते आणि दूरच्या सर्व्हरशी बोलते. विषाणूही नेमके हेच करतो. शिवाय अपडेटची फाइल काल-परवाच जन्मलेली असल्याने तिला लौकिक नसतो. त्यातून ती एखाद्या लहान, स्थानिक सॉफ्टवेअर व्यावसायिकाची असेल आणि तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी नसेल, तर संशय अधिकच बळावतो.

बँकेच्या व्यवहारात याच्याशी जुळणारा प्रसंग धनादेश वटविताना येतो. स्वाक्षरी नमुन्याशी जुळते की नाही, हे पाहताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. खोटी स्वाक्षरी खरी मानली, तर ती रक्कम ग्राहकाच्या खात्यावर टाकता येत नाही आणि तोटा बँकेच्या माथी येतो. उलट खात्यात पुरेशी रक्कम असताना योग्य धनादेश विनाकारण परत केला, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम ३१ प्रमाणे ग्राहकाची नुकसानभरपाई बँकेला द्यावी लागते. कसोटी कडक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. सैल केली की याच्या उलट घडते. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी कसोटी अद्याप कोणाला सापडलेली नाही. अँटिव्हायरसचीही हीच मर्यादा आहे.

त्यामुळे नामांकित उत्पादनेही यातून सुटलेली नाहीत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या ओळखसूचीतील चुकीमुळे विंडोज एक्सपीमधील 'एसव्हीसी होस्ट' ही अत्यावश्यक फाइल विषाणू ठरली आणि असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-सुरू होऊ लागले. ३० सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गूगलच्या क्रोम ब्राउझरला बँकेचे पासवर्ड चोरणारा 'झेडबॉट' समजून काही संगणकांवरून काढून टाकले. दोन्ही प्रसंगी चूक ध्यानात येताच सुधारित सूची प्रसिद्ध झाली. खोटा गजर पुष्कळदा असाच अल्पायुषी असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या घटना वाचून 'अँटिव्हायरस ओरडतच असतो, लक्ष कशाला द्यावे?' असे कोणास वाटेल, तर त्याने मार्च २०२३ मधील थ्रीसीएक्स प्रकरण पाहावे. थ्रीसीएक्स हे कार्यालयीन दूरध्वनीसाठी जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर. त्याच्या नव्या अपडेटवर काही सुरक्षा प्रणाली संशय घेऊ लागल्या. अपडेट अधिकृत मार्गाने आले होते आणि त्यावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी होती. साहजिकच हा खोटा गजर असावा, असा अनेकांचा समज झाला. सुमारे आठवड्याने, २९ मार्च रोजी, सत्य बाहेर आले. हल्लेखोरांनी कंपनीच्या आतच शिरकाव करून अपडेटमध्ये घातक भाग मिसळला होता. गजर खरा होता. ज्यांनी त्या फाइलला सूट दिली, त्यांनी चोराला आपल्या हाताने कडी काढून दिली.

अपडेटचा नाद सोडणाऱ्यांसाठीही एक उदाहरण आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्यात विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेले होते. ते न बसविलेल्या संगणकांना त्याची किंमत मोजावी लागली.

म्हणून गजर झाल्यावर त्याला निकाल समजू नये. ती चौकशीची सुरुवात समजावी. पहिली गोष्ट, अँटिव्हायरस बंद करू नये. क्वारंटाइनमध्ये गेलेली फाइल बहुधा नष्ट होत नाही, ती वेगळ्या कोठडीत असते आणि नंतर परत आणता येते. त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. अडविलेल्या फाइलचे नाव, तिचे ठिकाण आणि अँटिव्हायरसने दिलेले विषाणूचे नाव लिहून घ्यावे. त्या नावात 'जेनेरिक' किंवा 'ह्युरिस्टिक' असा शब्द असेल, तर निर्णय निश्चित ओळखीवर नसून साधर्म्यावर आधारलेला असण्याची शक्यता अधिक.

दुसरी गोष्ट, फाइल कोठून आली हे पाहावे. ती सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा खुद्द सॉफ्टवेअरमधील अपडेटच्या सोयीतून आलेली असावी. व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलमधील दुव्यावरून आलेल्या 'अपडेट'विषयी पुढे चौकशीच करू नये, ते काढून टाकावे. अधिकृत संकेतस्थळावरून फाइल पुन्हा उतरवावी आणि ती न चालविता तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचे पान पाहावे. स्वाक्षरी नसणे किंवा भलत्याच नावाची असणे ही थांबण्याची खूण होय. स्वाक्षरी बरोबर असणे ही जमेची बाजू आहे. परंतु थ्रीसीएक्सचा अनुभव लक्षात घेता तेवढ्यावर विसंबता येत नाही.

तिसरी गोष्ट, दुसरे मत घ्यावे. 'व्हायरसटोटल' ही मूळची स्पेनमधील आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली सेवा एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देते. एक-दोघांनीच संशय घेतला आणि बाकीचे स्वस्थ राहिले, तर गजर खोटा असण्याचा संभव वाढतो; अनेक नामवंतांनी एकमुखाने धोका सांगितला, तर विषय तेथेच संपतो. मात्र तेथे दिलेली फाइल इतरांनाही उपलब्ध होऊ शकते. म्हणून हिशेबाच्या, ग्राहकांच्या किंवा बँकेच्या फाइली तेथे कदापि पाठवू नयेत.

यानंतर सॉफ्टवेअर कंपनीला कळवावे आणि अँटिव्हायरस कंपनीकडे फाइल फेरतपासणीसाठी पाठवावी; तशी सोय बहुतेक कंपन्यांनी ठेवलेली असते. मग एक दिवस थांबून, अँटिव्हायरसची सूची अद्ययावत करून पुन्हा तपासणी करावी. गजर खोटा असेल, तर पुष्कळदा तो आपोआप शांत होतो. कंपनीने लेखी खात्री दिल्यावर सूट देण्याची वेळ आलीच, तर ती त्या एका फाइलपुरती द्यावी. संपूर्ण फोल्डरला किंवा ड्राइव्हला देऊ नये. त्याआधी हिशेबाची प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून वेगळी ठेवावी आणि काम झाल्यावर दिलेली सूट काढून घ्यावी.

एक दिवस थांबण्याची ही चैन शेवटच्या तारखेला परवडत नाही, हे खरे. त्यावर उपाय इतकाच की, अपडेटसाठी महिन्याचा पहिला आठवडा राखून ठेवावा. घाईत असलेल्या माणसाचा शोध ठकही घेतच असतात. 'अँटिव्हायरस बंद करा, मी एनीडेस्कवरून दुरुस्त करून देतो,' असे अनोळखी आवाज फोनवर सांगू लागला, तर फोन ठेवणे हाच उपाय. एनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. ज्या संगणकावर नेटबँकिंग चालते आणि विवरणपत्रांसाठी डिजिटल सिग्नेचरची चावी लावली जाते, त्याचे दार एका फोनवर उघडणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटसरूच्या हाती देणे होय.

बँकेत नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा असतो. पेढीवर आणि घरातही अँटिव्हायरसमधून सूट देण्यासाठी हाच नियम पाळता येईल. तारीख, फाइलचे नाव, सूट देण्याचे कारण, विचारणा कोणाकडे केली आणि सूट केव्हा काढून घेतली, एवढे पाच रकाने एका वहीत आखावेत आणि प्रत्येक नोंदीखाली दोघांच्या सह्या असाव्यात. दुसऱ्याला कारण समजावून सांगताना जे कारण लंगडे वाटेल, ते बहुधा लंगडेच असते, आणि हे सह्या करण्याआधीच कळलेले बरे.